पार्श्वभूमीचा अपराध कोणता?

माझे एक जुने स्नेही आहेत. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं छायाचित्रणाचा नाद धरिला, आणि गेल्या दिवाळीस त्यांनीं एक नवें भिंग घेतलें. त्याची किंमत त्यांनीं मला सांगितली, घरांत सांगितलेली नाहीं. यावरून वाचकांनीं काय तो तर्क करावा. मी भेटीस गेलों तेव्हां त्यांनीं नव्या भिंगानें काढलेलें पहिलें चित्र संगणकाच्या पडद्यावर मला दाखविलें. तें चित्र एका विटांच्या भिंतीचें होतें. मी भिंतीकडे पाहत राहिलों. कांहींतरी घडेल, एखादें मांजर तरी तिच्यावरून जाईल, अशी माझी समजूत होती. परंतु चित्र तेवढेंच होतें. स्नेह्यांनीं त्याचा डाव्या हाताचा वरचा कोपरा चौपट मोठा केला आणि चिंतातुर स्वरानें ते म्हणाले, "पाहिलंत? मधल्या विटा कशा कोरल्यासारख्या आहेत, आणि इथं कोपऱ्यांत चुन्याची रेघ फुटते आहे. भिंग परत करावं कीं काय, या विचारांत आहे मी."

त्याच दिवशीं चहाच्या वेळीं त्यांच्या सूनबाईंनीं मुलाच्या मुंजीचीं चित्रें पाहावयास दिलीं. धंदेवाईक छायाचित्रकारानें काढलेलीं, जाड पानांच्या देखण्या पुस्तकांत बांधलेलीं. प्रत्येक चित्रांत बटूच्या पापण्या आणि मातेच्या नथींतला मोती सुईच्या टोंकाइतका स्पष्ट. आणि त्यांच्यामागें सगळें जग ताकासारखें पातळ झालेलें. मीं सहज विचारलें, "कार्यालय कोणतें घेतलें होतें?" सूनबाई किंचित् ओशाळून म्हणाल्या, "कार्यालय नव्हतं काका, गावच्या वाड्यांतच केली मुंज. मुद्दाम तिथं केली, कारण आतां तो वाडा पाडायचा आहे." साठ-सत्तर चित्रांच्या त्या पुस्तकांत वाडा म्हणून ओळखतां येईल असा एक खांबहि नव्हता. वाड्याचा स्पष्ट म्हणण्याजोगा एकच पुरावा त्या घरांत होता, आणि तो म्हणजे सासरेबुवांची ती विटांची भिंत. कारण ती भिंत त्याच वाड्याची होती!

या दोन प्रकारांना मी निरनिराळे समजत नाहीं. एक संप्रदाय चित्राला कोपऱ्यापर्यंत धार हवी म्हणून तळमळतो, आणि दुसरा पार्श्वभूमि पुसून टाकण्यांतच सौंदर्य मानतो. वरवर पाहतां हे एकमेकांचे वैरी दिसतील. परंतु त्या कडेला काय आहे, त्या पार्श्वभूमींत कोण उभें आहे, हा प्रश्न दोघांपैकीं एकालाहि पडत नाहीं. पहिल्याला कड हवी ती भिंगाची परीक्षा घेण्यापुरती; दुसऱ्याला पार्श्वभूमि हवी ती लोण्यासारखी मऊ दिसण्यापुरती. माझें म्हणणें असें कीं, भिंगाच्या कडेची अस्पष्टता हा क्षम्य दोष आहे. आणि पार्श्वभूमीची हौसेनें केलेली अस्पष्टता, निदान घरगुती चित्रांत, अक्षम्य आहे. आज आपण नेमका उलट न्याय करीत आहों.

भिंगाची कड मऊ कां पडते हें एकदां समजून घेतलें म्हणजे तिच्यावरचा संताप पुष्कळसा ओसरतो. भिंगाच्या मध्यांतून सरळ जाणारा किरण आज्ञाधारक असतो. तिरपा येणारा तसा नसतो. कडेच्या बिंदूची प्रतिमा बिंदु न पडतां तिला धूमकेतूसारखें शेपूट फुटतें. उभी रेघ एका अंतरावर स्पष्ट होते तर आडवी दुसऱ्याच अंतरावर. आणि सर्वांत हट्टी गोष्ट ही कीं, सपाट वस्तूची प्रतिमा सपाट न पडतां वाटीसारखी वळते. व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झव्हाल यांनीं १८४० सालीं माणसांचीं चित्रें काढण्यासाठीं एक भिंग गणितानें सिद्ध केलें. तोफेचा गोळा कोठें पडेल याचा हिशेब करणारे तोफखान्यांतील शिपाई त्यांना आकडेमोडीस मिळाले होते. त्या शिपायांनीं इतकें निरुपद्रवी काम दुसरें क्वचित्‌च केलें असेल. हें भिंग त्या काळच्या भिंगांहून कित्येक पट अधिक प्रकाश आंत घेई, त्यामुळें कॅमेऱ्यापुढें मिनिटें-मिनिटें दगडासारखें बसण्याच्या शिक्षेंतून लोकांची सुटका झाली. पण त्याची कड अगदींच दुबळी होती. मध्यभागीं मुद्रा कोरल्यासारखी, आणि भोंवतालीं सर्व कांहीं हळूहळू विरत गेलेलें.

छायाचित्रकारांनीं यावर काय केलें? भिंग परत केलें नाहीं. त्यांनीं माणसांना अर्धचंद्राकृति बसविलें. दोन्ही टोंकांच्या खुर्च्या थोड्या पुढें घेतल्या, म्हणजे वाटीसारख्या वळलेल्या प्रतिमेंत तीं माणसें आपोआप नीट बसलीं. खुर्च्या कमानीनें मांडण्याची ही युक्ति जुन्या लोकांच्या हातांत मुरलेली होती. भिंग जसें आहे तसें त्यांनीं स्वीकारलें, आणि कडेच्या माणसाला चित्रांत आणण्याची जबाबदारी भिंगावर न टाकतां स्वतःवर घेतली. पुढें येना येथील झाइस कारखान्यांत पॉल रुडॉल्फ यांनीं नव्या प्रकारच्या कांचा वापरून १८९० सालीं उभ्या-आडव्या रेघांचें तें भांडण मिटविणारें भिंग केलें, १९०२ सालीं त्यांचेंच सुप्रसिद्ध 'टेसार' आलें, आणि तेव्हांपासून कडेची स्थिति सुधारतच गेली आहे. आजचें मध्यम प्रतीचें भिंगहि छिद्र दोन स्टॉप बारीक केलें कीं कोपऱ्यापर्यंत पुरेसें नीट होतें.

शिवाय या भिंत-परीक्षेंतच एक मोठी गफलत आहे. भिंत सपाट असते. कुटुंब सपाट नसतें. कॅमेरा ज्या अंतरावर रोखावा त्या अंतरावरचेंच तेवढें खरोखर तीक्ष्ण असतें, आणि त्याच्या थोडें अलीकडचें व थोडें पलीकडचें आपल्या डोळ्याला खपेल इतकें स्पष्ट राहतें. या अलीकडच्या-पलीकडच्या पट्ट्याला कॅमेरेवाले 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. आपण तिला स्पष्टतेची खोली म्हणूं. आतां खऱ्या समूहचित्राच्या कोपऱ्यांत काय असतें? तेथें विटा नसतात. एखाद्या काकांचा खांदा असतो, पंगतीचें टोंक असतें, दाराची चौकट असते. आणि यांतलें कांहींच मध्यावरच्या माणसाच्या पातळींत नसतें. तें मऊ पडलें तर तो बहुतेक वेळां भिंगाच्या कडेचा दोष नसून खोली कमी पडल्याचा परिणाम असतो. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठीं आमचे स्नेही भिंगाला फासावर चढवूं पाहतात, तो गुन्हा छिद्र सताड उघडें ठेवणाऱ्या त्यांच्याच बोटांचा असतो! मीं हें त्यांना सांगितलें. ते म्हणाले, "इतकं महागाचं भिंग घेऊन छिद्र बारीक करायचं, तर मग महाग कशाला घेतलं?" या युक्तिवादाला माझ्याजवळ अद्यापि उत्तर नाहीं.

सर्वस्पष्टतेच्या संप्रदायाला एक थोर परंपरा आहे, ती मी नाकारीत नाहीं. १९३२ च्या नोव्हेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथील डी यंग संग्रहालयांत कांहीं छायाचित्रकारांनीं आपलें प्रदर्शन मांडलें. मंडळाचें नांव त्यांनीं 'एफ ६४' असें ठेविलें होतें. अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजन कनिंगहॅम हीं त्या मंडळांत होतीं. ६४ हा त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यावरील अत्यंत बारीक छिद्राचा अंक. छिद्र जितकें बारीक तितकी स्पष्टतेची खोली अधिक. म्हणजे पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरील शिखरापर्यंत सर्व कांहीं एका चित्रांत नीट. चित्रकलेची नक्कल करणाऱ्या धुरकट छायाचित्रांविरुद्ध हें बंड होतें आणि तें योग्यच होतें. पण त्यांच्या आजच्या भक्तांनीं एक गोष्ट विसरूं नये. प्रकाश लाटांचा आहे आणि बारीक छिद्रांतून जातांना तो पसरतो. एफ ६४ ला हिरव्या प्रकाशाचा बिंदु बिंदु राहत नाहीं. सुमारें ०·०८६ मिलिमीटर व्यासाची टिकली होतो. वेस्टन ८ इंच रुंद व १० इंच लांब अशा फिल्मवरून चित्र मोठें न करितां त्याच आकारांत छापीत, तेव्हां ती टिकली डोळ्याला जेमतेम कळे. तीच टिकली २४ मिलिमीटर बाय ३६ मिलिमीटरच्या आजच्या कॅमेऱ्यांत पडली आणि चित्र आठपट वाढविलें, तर ती जवळजवळ ०·७ मिलिमीटरची होते. आणि मग मध्य काय नि कड काय, सगळेंच चित्र सारखें बोथट. मंडळाचें नांव घ्यावें, आंकडा घेऊं नये. त्यांना हवी होती ती वस्तूंविषयींची सचोटी. छिद्राचा अंक तिचें साधन होता.

आतां धूसरतेच्या बाजूनेंहि मोठे वकील उभे आहेत, आणि त्यांना ऐकल्यावांचून निकाल देणें अन्यायाचें होईल. त्यांत पहिला मान ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा. यांचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. यांचे पति मेकॉले यांच्याबरोबर हिंदुस्थानच्या पहिल्या कायदे-आयोगावर होते. आणि मृत्यूहि १८७९ सालीं सिलोनांत झाला. तेव्हां या बाई आपल्याला अगदींच परक्या नाहींत. १८६३ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, विलायतेंत असतांना मुलीनें व जांवयानें त्यांना एक कॅमेरा भेट दिला. त्याचें भिंग पेट्झव्हालच्याच घडणीचें होतें. बाईंनीं काढलेल्या मुद्रा अंधारांतून वर आल्यासारख्या दिसतात, आणि त्यांच्या रेषा कोठेंच कडक नसतात. छायाचित्रणांतल्या शास्त्री मंडळींनीं गिल्ला केला कीं बाईंना फोकस करतांच येत नाहीं. त्यावर १८६४ च्या अखेरीस ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रांत बाईंनीं उलट विचारलें कीं, फोकस म्हणजे काय, आणि कोणता फोकस शास्त्रशुद्ध हें ठरविण्याचा हक्क कोणाला? प्रश्न बिनतोड आहे. पण त्यांच्या चित्रांकडे जरा लक्ष देऊन पाहावें. त्यांनीं चेहरा तीक्ष्ण ठेवून त्याच्यामागचें जग पुसलेलें नाहीं. मागें मुळांत काळोख किंवा साधें कापड आहे, आणि जी कांहीं मृदुता आहे ती चेहऱ्यावरच आहे. प्रत्येक वेळीं भिंगामागें उभें राहून, आतां थांबावें असें त्यांच्या डोळ्याला वाटलें तेथें त्या थांबल्या आहेत. कॅमेरॉनबाईंचें नांव घेऊन आजच्या धूसरतेचें समर्थन करणें म्हणजे, केळें सोवळ्यांत खाल्लें होतें म्हणून उपास घडला असें म्हणण्यासारखें आहे.

दुसरे वकील पीटर हेन्री इमर्सन. हे शिक्षणानें डॉक्टर. १८८९ सालीं 'नॅचरलिस्टिक फोटोग्राफी' या ग्रंथांत त्यांनीं हेल्महोल्ट्झच्या नेत्रशास्त्राचा आधार घेऊन असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्याच्या डोळ्याला मध्यावरचेंच तेवढें स्पष्ट दिसतें, भोंवतालचें मऊ दिसतें. तेव्हां छायाचित्रानेंहि तसेंच असावें, मुख्य वस्तु पुरती स्पष्ट आणि कडेचें त्याहून मऊ. त्यांचे प्रतिपक्षी हेन्री पीच रॉबिन्सन. यांनीं १८५८ सालीं पांच निरनिराळ्या काचा जोडून एका मरणासन्न मुलीचें चित्र तयार केलें होतें, आणि निरोगी डोळ्यानें जगाचा कोणताहि भाग कधीं अस्पष्ट पाहिलेला नाहीं असें त्यांचें म्हणणें होतें. या दोघांचा वाद असा कडाक्याचा झाला कीं, वाचणाऱ्याला आपल्याकडील शुद्धलेखनाच्या वादांची आठवण व्हावी. इमर्सननीं वर्ष-दोन वर्षांतच आपलें मत मागें घेतलें, आणि तेंहि काळ्या चौकटींत, मृत्युपत्रिकेसारखें छापून! परंतु त्यांच्या मूळ युक्तिवादांतील चूक मात्र आजहि जिवंत आहे, म्हणून ती सांगितली पाहिजे.

आपल्या डोळ्याला तीक्ष्ण दिसतें तें क्षेत्र फार लहान, सुमारें २ अंशांचें; हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखापेक्षां फारसें मोठें नाहीं. येथपर्यंत इमर्सन बरोबर आहेत. पण डोळा स्थिर राहत नाहीं. एका सेकंदांत तो दोन-तीन जागीं उडी घेतो, आणि जेथें जातो तेथें त्याला स्पष्ट दिसतें. म्हणूनच रॉबिन्सन यांना जग कोठेंच अस्पष्ट दिसलें नाहीं, तेहि बरोबर! आतां चित्राचें पाहा. चित्र भिंतीवर टांगलें म्हणजे त्याच्यावरूनहि आपला डोळा असाच फिरणार. मध्यावर असतां कड आपोआप मऊ पडणार. मग चित्रकारानें ती कड आधींच मऊ करून ठेवण्याचें कारण काय? तें मऊ करणें दुसऱ्यांदा झालें. जेवणाऱ्याला तोंड आहे म्हणून त्याचा घांस आपणच चावून वाढण्याची ही रीत आहे. प्रत्यक्षांत बटूच्या मुखावरून माझी नजर निघून मागच्या देवघराकडे जाऊं शकत होती. चित्रांत ती तेथें जाते आणि आंधळी होते.

इमर्सननीं निदान नेत्रशास्त्र तरी वाचलें होतें. हल्लींच्या धूसरतेला कसलेंच शास्त्र नाहीं, फक्त एक जपानी नांव आहे. अस्पष्टतेला त्या भाषेंत 'बोके' म्हणतात. १९९७ सालीं एका अमेरिकन छायाचित्रण-मासिकानें हा शब्द इंग्रजी वाचकांपुढें ठेविला, आणि तेव्हांपासून भिंग विकणाऱ्यांचें फावलें. पूर्वीं भिंग काय स्पष्ट दाखवितें तें सांगून विकीत. आतां काय दाखवीत नाहीं तें सांगूनहि विकतां येऊं लागलें.

यांत किती जातें तें हिशेबानेंच पाहावें. ५० मिलिमीटरचें भिंग घ्या, २४ बाय ३६ चा कॅमेरा घ्या, आणि बटु ३ मीटरवर बसवा. छिद्र एफ २ ठेवलें तर रूढ हिशेबानें २·८ मीटरपासून ३·२३ मीटरपर्यंतचेंच स्पष्ट राहतें. म्हणजे जेमतेम एक हात जाडीची फळी. बटु त्या फळींत मावतो, मागें बसलेला मामा मावत नाहीं. तेंच छिद्र एफ ८ केलें कीं २·३ पासून ४·२ मीटरपर्यंतचें सर्व आलें: मामा आला, उपाध्याय आले, होमकुंड आलें. एफ १६ केलें तर १·९ पासून ६·९ मीटरपर्यंत, म्हणजे अंगण ओलांडून ओसरीपर्यंतचें जग चित्रांत सामील झालें. यासाठीं एक पैचाहि जादा खर्च नाहीं. भिंगावरचें एक कडें फिरवावयाचें, आणि उजेड कमी पडला तर कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवावयाची, जी आजच्या कॅमेऱ्यांत पूर्वींच्या कोणत्याहि फिल्मपेक्षां अधिक आहे. जुन्या छायाचित्रकाराला उजेडाची अडचण खरोखरच होती. आजच्याला ती क्वचित्‌च असते. त्याला असते ती फॅशनची अडचण.

खिशांतल्या दूरध्वनीची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. त्याच्या मुख्य भिंगाचें नाभ्यंतर अवघें ६-७ मिलिमीटर असतें, आणि इतक्या छोट्या भिंगाला पार्श्वभूमि धूसर करणें निसर्गतःच फारसें जमत नाहीं. ३ मीटरवरच्या माणसावर तें रोखलें तर साधारणपणें दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळें नीट येतें. एफ ६४ वाल्यांनीं जें मिळविण्यासाठीं पाठीवर ओझीं वाहिलीं, तें आज प्रत्येक मुलाच्या हातांत फुकट आलें आहे! आणि आपण त्याचें काय केलें? २०१६ सालीं 'आयफोन ७ प्लस' मध्यें दोन भिंगांच्या मदतीनें माणूस कोणता व मागचें काय हें ओळखून मागचें गणितानें पुसण्याची सोय आली. लवकरच इतरांनींहि ती उचलली, आणि आतां ती नाहीं असा दूरध्वनी दाखविणें कठीण. जें भिंगानें प्रामाणिकपणें टिपलें तें यंत्राला पुन्हां पुसावयास लावावयाचें, याला काय म्हणावें? आणि पुसणारें यंत्रहि कसें, तर आजीच्या मोकळ्या पांढऱ्या केसांची बट त्याला पार्श्वभूमि वाटते, आणि चष्म्याच्या काडीचा अर्धा भाग तें सोडून देतें.

कोणी म्हणेल, जुन्या स्टुडिओंत तरी दुसरें काय होतें? रंगविलेला पडदा, त्यावर विलायती जिना आणि संगमरवरी खांब, बाजूला तिवई, तिवईवर फुलदाणी, हातांत न वाचलेलें पुस्तक. घर तेथेंहि नव्हतें. खरें आहे. पण पडदा हा पडदाच होता, आणि पडदा म्हणूनच आज आपल्याशीं बोलतो. आमच्या आजोबांना कोणत्या जिन्यापुढें उभें राहावेंसें वाटलें, हें त्यावरून कळतें. ताकासारख्या पातळ पार्श्वभूमीवरून आमच्या नातवंडांना आमच्याविषयीं काय कळणार?

माझ्या वडिलांच्या मुंजीचें चित्र मजपाशीं आहे. १९३८ सालीं वाईस आमच्या वाड्याच्या चौकांत तें घेतलेलें. साताऱ्याहून छायाचित्रकार आले होते असें वडील सांगत. तीन रांगा माणसें. मागची रांग स्पष्ट यावयाची तर छिद्र बारीक करणें भाग, आणि छिद्र बारीक म्हणजे वेळ जास्त. त्यामुळें "हालूं नका" असा दम भरलेला, आणि म्हणून सगळ्यांच्या चेहऱ्यावर खटल्यांतल्या आरोपीचा भाव. लहानपणीं मी हें चित्र कितीदां तरी पाहिलें होतें. पन्नाशी उलटल्यावर एकदां चांगल्या उजेडांत पाहतांना उजव्या कडेला, रांगांच्या बऱ्याच मागें, माजघराच्या अर्धवट उघड्या दारांत एक आकृति दिसली. डोक्यावरून पदर घेतलेली, एक हात चौकटीवर. वडील तेव्हां हयात होते. त्यांनीं चष्मा पुसला, पुष्कळ वेळ पाहिलें आणि म्हणाले, "ही आत्या."

ती माझ्या वडिलांची बालविधवा आत्या. केशवपन झालेली, आलवणांत वावरणारी. मंगल कार्याच्या चित्रांत तिला कोणी बोलावणें शक्य नव्हतें, आणि तीहि पुढें आली नसती. पुढें चार वर्षांनीं ती वारली. वडिलांना तिनें वाढविलें होतें. तिचें दुसरें चित्र नाहीं.

आतां स्नेह्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर चित्राची ती कड सदोष आहे. चौकटीची रेघ जाड झालेली आहे, आत्याचा चेहरा किंचित् फांकलेला आहे, आणि डोळे म्हणजे दोन सावल्या आहेत. त्या भिंगाला आजच्या कोणत्याहि परीक्षेंत गुण मिळणार नाहींत. पण पंचाहत्तर वर्षांनंतरहि भाच्यानें आत्याला ओळखलें. चित्र काढणाराला ती तेथें आहे हें बहुधा ठाऊकहि नसेल. त्यानें मागच्या रांगेसाठीं छिद्र बारीक केलें, आणि त्या बारीक छिद्रांतून कोणी न बोलाविलेली एक बाई आंत आली. एफ २ वाल्या छायाचित्रकारानें तिला पुन्हां एकदां घराबाहेर ठेविलें असतें, आणि वर सुंदर चित्राबद्दल बक्षीस घेतलें असतें.

यावर मला तीन उत्तरें ऐकावयास मिळालीं आहेत. पहिलें असें कीं, मागें पसारा असतो. वाळत घातलेलीं धोतरें, गॅसच्या टाक्या, अर्धी सोललेली केळीं. मी म्हणतों, पसारा नको असेल तर हलवावा, किंवा आपण दोन पावलें हलावें. चित्रकाराचे पाय त्यासाठींच आहेत. दुसरें उत्तर, चित्रांत चेहराच महत्त्वाचा. असेल, पण चेहरा मोठा करून मध्यें आणण्यास कोणाची मनाई आहे? मुख्य माणसाला मान देण्यासाठीं बाकीच्यांचे डोळे काढण्याची गरज नसते. तिसरें उत्तर जरा विचार करण्यासारखें आहे. तें असें कीं, दूरध्वनीची गणिती धूसरता पुष्कळदां मागाहून काढून टाकतां येते, मूळ चित्र आंत शाबूत असतें. हें खरें आहे, पण तें ज्या यंत्रांत चित्र निघालें त्या यंत्रापुरतें. नातेवाइकांना पाठविलेल्या, छापून घेतलेल्या, पुस्तकांत बांधलेल्या प्रतींत जें पुसलें तें पुसलें. आणि भिंगानेंच केलेली धूसरता तर कशानेंहि परत येत नाहीं. कडेचा चेहरा फांकला असेल तर तो निदान ओळखूं येतो. मागचा चेहरा तबकडीएवढा पसरला म्हणजे त्याच्यांतून माणूस काढणारें गणित नाहीं, आणि कोणी काढून दाखविला तर तो त्या यंत्रानें रचलेला असतो.

फुलाच्या, पाखराच्या, नाटकांतल्या नटाच्या चित्रांत मागचें जग विरलें तर माझी तक्रार नाहीं. तेथें तो चित्रकाराचा अधिकार आहे आणि तो त्यानें कॅमेरॉनबाईंसारखा जोखमीनें वापरावा. तक्रार आहे ती लग्न-मुंजींची, बारशांची, घर सोडतांना काढलेल्या चित्रांची. पैसे देणारे आपण आहों. पुस्तकाचा कागद कोणता, वेष्टण मखमली कीं चामडी, याची आपण तासभर घासाघीस करितों. छिद्र किती ठेवणार हें एका शब्दानेंहि विचारीत नाहीं.

येत्या वैशाखांत आमच्या घरीं माझ्या नातवाची मुंज आहे. छायाचित्रकार तरुण आहे, कामांत चोख आहे. मीं त्याला सांगितलें कीं, निदान पहिलीं वीस चित्रें एफ ८ किंवा त्याहून बारीक छिद्रानें घेतलेलीं असावींत, त्यांत घराचे दरवाजे यावेत, आणि दारांत जें कोणी उभें असेल त्याला "जरा बाजूला व्हा" असें म्हणूं नये. त्यानें थोडा वेळ माझ्याकडे पाहिलें. मग म्हणाला, "करतो काका. पण कडेची माणसं जरा मऊ आलीं, तर नंतर माझ्या नांवानं ओरडायचं नाहीं, हें लिहून द्या." मीं लिहून दिलें आहे.